सहा महिने पूर्ण होताहेत आणि माझी रजाही संपतेय: घरचं खिमट की बाजारातला डबा?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार. मुलगी येत्या आठवड्यात सहा महिन्यांची होईल. उष्टावण ठरलंय, मामा पुण्याहून येणार आहे, चांदीची वाटी आजोळहून आधीच आली आहे. माझा प्रश्न उष्टावणाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा आहे.

बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची. डिलिव्हरीच्या आधी मी जवळपास घेतलीच नव्हती, त्यामुळे लेकीचे सहा महिने आणि माझी रजा एकदमच संपतायत. मी बँकेत आहे, शाखा सिन्नरला आणि घर इंदिरानगरला. सकाळी साडेआठला बाहेर पडते, परत यायला सात वाजतात. दिवसभर ती पाळणाघरात असेल. सासूबाई कोपरगावहून पहिला महिनाभर येतायत. सासऱ्यांचं डायलिसिस तिकडे सुरू आहे, त्यामुळे त्यांना त्याहून जास्त राहता येणार नाही.

घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, पहिले पंधरा दिवस वरणाचं पाणी आणि भाताची पेज, मग खिमट, मग नाचणीचं सत्त्व. त्यांच्या तिन्ही मुलांना असंच वाढवलं. नणंद मुंबईला नोकरी करते. तिचा मुलगा पहिल्यापासून डब्यातल्या सिरियलवर होता आणि अगदी छान आहे. ती म्हणते, डब्यामागे लोह, झिंक, डी, बी-१२ सगळं आकड्यांनिशी छापलेलं असतं, तुझ्या खिमटात यातलं काय आहे ते तू सांगू शकतेस का? मला खरंच सांगता आलं नाही.

लोहाची मला जास्त धास्ती आहे, कारण गरोदरपणात माझं हिमोग्लोबिन ९ च्या खाली गेलं होतं. डॉक्टरांना विचारलं तर ‘घरचंच द्या’ एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरचं म्हणजे नेमकं काय, किती, किती घट्ट, आणि मी सिन्नरला असताना ते कोण शिजवणार, हे सगळं तसंच राहिलं.

पैशाचाही विचार आहेच. तीनशे रुपयांच्या आसपासचा डबा आठवड्याभरात संपतो असं ऐकलंय. पण पैसे वाचावेत म्हणून बाळाच्या पोटाला कमी पडू द्यायचं नाही, हेही तितकंच पक्कं आहे. ज्यांनी नोकरी सांभाळून हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुळ्यांची_आई_ठाणे

मृण्मयी, माझी जुळी आता अडीच वर्षांची आहेत. आमच्याकडे दुपारचं एक खाणं डब्यातलं आणि बाकीची घरची, असं वर्षभर चाललं, आणि मी आजही तेच करीन. नवऱ्याची शिफ्ट, घरात तिसरं माणूस नाही, एकाला भरवेपर्यंत दुसरं आकांत मांडायचं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवलं की दोन मिनिटांत वाटी तयार. त्या दोन मिनिटांची किंमत ज्याला कळते त्यालाच कळते.

साधा घे. तांदळाचा, गव्हाचा किंवा मिश्र धान्यांचा. फळांच्या चवीचे, बिस्किटाच्या चवीचे प्रकार लांब ठेव. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळ. पीठ पुरवायचं म्हणून पाणी वाढवायचं नाही. आणि कुणी कितीही सुचवलं तरी बाटलीच्या बुचाचं भोक मोठं करून त्यातून पाजू नकोस. वाटी आणि चमचाच.

लोक डब्यावरून आईचीच परीक्षा घेतात, ते मनाला लावून घेऊ नकोस. माझी दोन्ही मुलं आज भाकरी-भाजी खातात.

सुमेध_श्टुटगार्ट

मृण्मयीताई, मी मूळचा सांगलीचा, आता जर्मनीत. मुलगा अकरा महिन्यांचा आहे. इथे घरगुती सामानाच्या दुकानात बाळांच्या जेवणाच्या काचेच्या बरण्यांनी अख्खी भिंत भरलेली असते. पद्धतही ठरलेली: आधी दुपारचा भाजी, बटाटा आणि मांसाचा लगदा, साधारण महिन्याने संध्याकाळची दूध-धान्याची लापशी, त्यानंतर धान्य आणि फळांची. मांस पहिल्या महिन्यातच, आणि त्याचं कारण लोह. आमच्या आजीला हे ऐकून धक्काच बसला होता, पण इथले बालरोगतज्ज्ञ त्यावर ठाम आहेत.

बरण्यांबद्दल आम्हाला भीती वाटली नाही, कारण युरोपीय संघात बाळांच्या तयार अन्नातल्या कीटकनाशकांच्या अंशावर फार कडक मर्यादा आहे, सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. पण ‘बाजारातलं’ म्हणजे सगळीकडे एकच असं धरू नका. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय ही स्विस संस्था आणि आयबीएफएएन हे बाळांच्या अन्नाच्या विक्रीवर लक्ष ठेवणारं आंतरराष्ट्रीय जाळं यांनी एक अहवाल काढला. भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्ले कंपनीच्या सेरेलॅकचे जे प्रकार त्यांनी तपासले, त्यांत एका वाढपामागे सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर होती. त्याच कंपनीचं सहा महिन्यांच्या बाळांसाठीचं गव्हाचं सिरियल जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये मात्र त्या साखरेशिवाय विकलं जात होतं. पुढे कंपनीने भारतातही रिफाइंड साखर नसलेले प्रकार आणले. तेव्हा डबा घ्यायला माझी हरकत नाही, पण मागचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नका. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर, सुक्रोज, ग्लुकोज सिरप, फळांच्या रसाचा अर्क यांतलं काही पहिल्या चार-पाचांत दिसलं तर डबा परत फळीवर.

अजून दोन गोष्टी. एक, तांदूळ हे रोजचं एकमेव धान्य करू नका. तांदूळ जमिनीतलं आणि पाण्यातलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त शोषतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) २०२० मध्ये बाळांच्या तांदळाच्या सिरियलसाठी १०० पीपीबी (अब्ज भागांत १०० भाग) ही मर्यादा घातली ती त्यासाठीच. आपल्याकडे नाचणी, ज्वारी, गहू सगळं आहे, आलटून पालटून द्या. दुसरी, तोंडाला लावून चोखायच्या फळांच्या पिशव्या आता भारतातही ऑनलाइन मिळतात. प्रवासात कधीतरी ठीक, पण रोज नको. त्यात चमचा नाही, चावणं नाही, आणि मुलाला आपण काय खातोय तेही दिसत नाही. इथल्या पाळणाघरातल्या बाईंनी आम्हाला आठव्या महिन्यातच सांगितलं, मिक्सर बंद करा, काट्याने कुस्करा. आता तो आमच्या ताटातली मऊ पोळी मागून खातो.

मृण्मयी_नाशिक

दोघांचेही मनापासून आभार. सुमेध, साखरेचं मला माहीत नव्हतं, आज नणंदेकडचा डबा वाचायला सांगते. पण माझ्या दोन गाठी अजून सुटल्या नाहीत. घरच्या खाण्यातून लोह पुरेल का? आणि घरचं शिजवलेलं पाळणाघरात दुपारपर्यंत टिकतं का?

पाळणाघर_काकू_कोल्हापूर

मृण्मयी, मी राजारामपुरीत वीसेक वर्षं पाळणाघर चालवते. दहा-बारा मुलं असतात, त्यांत सहा महिने ते वर्षाच्या आतली तीन-चार. रोज त्यांचे डबे मी उघडते, त्यामुळे घरचं आणि बाजारचं दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर असतं. म्हणून जरा लांब लिहिते.

आधी हे सांगते. घरचं की बाजारचं, हा प्रश्न मला तेवढा मोठा वाटत नाही. पातळ की घट्ट, हा मोठा आहे. माझ्याकडे येणाऱ्या घरच्या डब्यांत सगळ्यात जास्त काय येतं सांगू? वरणाचं पाणी. कुकरमधली डाळ खाली बसते, ती मोठ्यांच्या ताटात जाते आणि वरचं पिवळं पाणी बाळाच्या डब्यात येतं. घरचे मायेनं देतात, त्यांना वाटतं डाळीचा सगळा कस पाण्यात उतरला. तो उतरत नाही. पाण्यानं बाळाचं पोट भरतं, ते गप्प झोपतं आणि तासाभरात पुन्हा भुकेनं उठतं. त्यापेक्षा डब्यावरच्या प्रमाणात कालवलेलं बिनसाखरेचं सिरियल बरं. हे मी पाळणाघरातल्या आयांना तोंडावर सांगते.

हिशेब साधा आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला २०० कॅलरी लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. आणि बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किती? वजनाच्या किलोमागे ३० मिली धर. तुझी लेक सात किलोची असेल तर वाटीभर, त्याच्या वर नाही. त्या वाटीत पाणी भरायचं की अन्न, एवढं आपल्या हातात असतं. चमचा तिरका केला तर खिमट हळूहळू ओघळायला हवं, धार लागता कामा नये. मी रोज हीच परीक्षा करते.

आता खिमट. तुझ्या सासूबाईंना येत असणारच, पण नाशिकला तुझ्या हातानं करायचं तर असं कर. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ. दोन्ही वेगवेगळं चोळून धुवायचं, निथळायचं आणि स्वच्छ पंचावर पंख्याखाली पसरायचं. मुठीत घेतल्यावर हाताला ओल लागली नाही की झालं. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजायचं, आधी डाळ, मग तांदूळ. डाळीचा खमंग वास सुटतो आणि तांदूळ पांढरे होऊन किंचित फुलतात, तिथे थांबायचं. यानंतरची पायरी बहुतेकजणी गाळतात: ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. कोमट असताना दळलं की पिठाला वाफ धरते, डब्यात गुठळ्या होतात आणि चार दिवसांत कुबट वास येतो. गार झालं की मिक्सरला रव्यासारखं भरड काढायचं, कोरड्या स्टीलच्या डब्यात भरायचं, पंधरा दिवसांपुरतंच. पुढच्या खेपेला तांदळाच्या जागी नाचणी किंवा ज्वारी. वर सुमेधनं लिहिलंय तेच.

शिजवताना दोन-तीन चमचे भरड आधी गार पाण्यात कालवायची, मग गॅसवर ठेवायची आणि ढवळत राहायचं. उतरवताना चमचाभर साजूक तूप. छोट्या चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात आणि वाटीतली जागा काही अडत नाही. मीठ, साखर, गूळ वर्षभर नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, उष्टावणाच्या वाटीतही नको. त्यातून होणारा बोट्युलिझम हा लहान बाळांना जिवावर बेतणारा आजार आहे. मामाला बिनसाखरेची खीर भरवू दे, मधाचं बोट लावायला कुणी आलं तर तू हात धर.

खिमट गार होताना घट्ट होतं, मग बायका पाणी ओततात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यावर जुना आणि फार चांगला उपाय आहे, मोडाच्या नाचणीचं पीठ. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, अगदी हलकी भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं, ते पिष्ट तोडतं. शिजलेल्या खिमटाची वाफ जरा बसली की त्यात चिमूटभर हे पीठ घालून ढवळ. चार-पाच मिनिटांत ते डोळ्यांदेखत सैल होतं, पाण्याचा थेंब न घालता. मग एक उकळी काढायची. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी यावर खूप काम केलंय. पीठ खरपूस भाजलं की हा गुण निघून जातो, म्हणून हलकंच भाज.

आईच्या दुधातही अमायलेज असतं. तू दूध काढून ठेवणार असशील तर खिमट सैल करायला तेच वापर. बाळाची लाळ लागलेली वाटी थोडा वेळ ठेवली तर उरलेलं खिमट पाणी-पाणी झालेलं दिसतं, त्यामागेही हेच. ते उरलेलं टाकून द्यायचं, पुढच्या वेळेला नाही.

नाचणीचं ‘सत्त्व’ दोन तऱ्हांनी करतात, तेही सांगून ठेवते. भिजवलेली नाचणी वाटून, पाण्यातून गाळून, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात तो एक प्रकार. दिसायला सुरेख, पचायला हलकं, पण चोथ्याबरोबर बरंच काही निघून गेलेलं असतं. मोड आणून दळलेलं पीठ हा दुसरा. मी दुसरंच मागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम अख्ख्या नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅमच्या वर लोह दिलंय. पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नाही.

आता तुझी पहिली गाठ. खरं सांगते, नुसत्या धान्य-डाळीतून या वयाची लोहाची गरज भागत नाही. आईच्या पोटातून आणलेला साठा सहा महिन्यांपर्यंत उतरतो, तुझं हिमोग्लोबिन कमी होतं म्हणजे तिचा साठा आधीच बेताचा असू शकतो, आणि धान्यातलं लोह अंगी लागतं थोडंच. देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत १०० पैकी ६७ जणांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं. त्यांत घरचं खाणारी मुलंही आहेतच की. तुझी नणंद डब्यामागचे आकडे दाखवते, त्यात तथ्य आहे. सिरियलमध्ये लोह वरून घातलेलं असतं. पण त्यासाठी रोज तीन वेळा डबाच द्यायला पाहिजे असं नाही. ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पुढे आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप देतात, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. डॉक्टरांनी वेगळे थेंब लिहून दिले असतील तर दोन्ही एकदम द्यायचे नाहीत. पुढच्या भेटीत ‘घरचंच द्या’वर उठून येऊ नकोस, स्वतःचं हिमोग्लोबिन सांग आणि थेंबांचं स्पष्ट विचार.

तुमच्यात अंडं-मटण चालत असेल तर पूर्ण शिजवलेलं अंडं कुस्करून आताच सुरू कर. मटणाची कलेजी किंवा खिमा नीट शिजवून, बारीक वाटून भातात चमचा-दोन चमचे. आमच्या कोल्हापुरात आयांना हे सांगायला लागत नाही, अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, घरात असतंच. मी त्यांना फक्त एवढंच म्हणते की पाण्याबरोबर मांसही वाटून द्या. चालत नसेल तर डाळीत लिंबाचे दोन थेंब पिळ, त्यानं लोह जास्त लागू पडतं. चहा मात्र चमचाभरही नको. आजोबा बशीतून पाजतात, तेव्हा लक्ष ठेव.

दुसरी गाठ, टिकण्याची. सकाळी सातला शिजवलेलं खिमट साध्या डब्यात घालून दुपारी साडेबाराला भरवू नये. नाशिकच्या उन्हाळ्यात तर नाहीच. माझा नियम असा की आयांनी कोरडी भरड, मोडाचं पीठ आणि तुपाची डबी आणून द्यायची, मी इथे ताजं शिजवते. तुझ्या पाळणाघरातल्या बाईंना आधी हेच विचार, तुम्ही शिजवाल का? गॅस कुठे आहे, पाणी उकळता का, भरवण्याआधी हात धुता का, तेही बघून ये. त्या हो म्हणाल्या तर अर्धं काम झालं. शिजवणार नसतील तर दुपारचं खाणं डब्यातलं ठेव, काही बिघडत नाही. उकळलेल्या पाण्यात कालवून दोन मिनिटांत भरवलेलं सिरियल हे पाच तास झाकून ठेवलेल्या घरच्या भातापेक्षा कितीतरी सुरक्षित. फक्त कालवलेलं लगेच संपवायचं, उरलं की फेकायचं. त्यात दुधाची पावडर असते. कोपरगावला एसटीनं जाताना, लग्नकार्यात, पाण्याचा भरवसा नसेल तिथे मी स्वतः आयांना डबा बरोबर घ्या म्हणते. सकाळचं आणि संध्याकाळचं घरचं.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन मोठे चमचे. आठव्या महिन्यापर्यंत तीनदा, अर्ध्या वाटीच्या पुढे जाईल. तोंड फिरवलं की थांबायचं. मान स्थिर आहे ना, टेकून बसते ना, चमचा जिभेनं बाहेर ढकलत नाही ना, एवढं पाहून सुरू कर. आणि संध्याकाळी घरी आलीस की आधी अंगावर पाज, मग खाणं. दूध दोन वर्षांपर्यंत चालू राहू दे.

नवाबाबा_बेळगाव

काकू, फार उपयोगी लिहिलंत. एक विचारू? आमच्याकडे बायको आणि मी दोघंही दुकानात असतो. भाजणं-दळणं होत नाही. बचत गटाचं नाचणी सत्त्व, ऑनलाइन मिळणारी ‘आजीच्या हातची’ खिमट पाकिटं, ही कशी असतात? ती घरची धरायची की बाजारची?

पाळणाघर_काकू_कोल्हापूर

बाजारचीच धरा आणि बाजारची म्हणून तपासा. बचत गटाच्या कितीतरी बायका उत्तम माल करतात, मी स्वतः आमच्याकडच्या एका गटाचं मोडाचं पीठ घेते. पण आधी त्यांच्याकडे जाऊन वाळवण कुठे घालतात ते बघून आले. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक पाहिजे, दळल्याची तारीख पाहिजे, घटक पूर्ण लिहिलेले पाहिजेत. ‘ड्रायफ्रूट पावडर’, ‘खजूर पावडर’, ‘खडीसाखर’ असं असेल तर सहा महिन्यांच्या बाळाला नको. शेंगदाणा किंवा सुकामेवा घातलेलं पीठ जुनं असेल तर बुरशीची भीती असते, चाखून कडवट लागलं तर टाकून द्या.

अजून एक खूण. बाळांच्या दुधाच्या पावडरी आणि दोन वर्षांच्या आतलं तयार अन्न यांच्यासाठी १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. त्यानुसार त्यांची जाहिरात करायला बंदी आहे आणि डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्रही चालत नाही. ‘सहा महिन्यांपासून’ असं लिहून वर गुटगुटीत बाळाचा फोटो छापणाऱ्याला एवढा कायदा माहीत नसेल, तर त्याच्याकडची स्वच्छता मी धरून चालणार नाही.

आणि दळायचं राहतंय म्हणून अडू नका. रात्री घरच्या भाताबरोबर एका छोट्या भांड्यात मूठभर तांदूळ, चिमूटभर मुगाची डाळ आणि गाजराचा तुकडा कुकरला लावा. पाणी जास्त, मीठ नाही. काट्याने कुस्करून तूप घाला. दळण नाही, भाजणं नाही, गुरगुट्या भात तयार.

जुळ्यांची_आई_ठाणे

काकू, डाळीच्या पाण्याचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवतेय.

मृण्मयी_नाशिक

काकू, तुमचं सगळं दोनदा वाचलं आणि सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. वरणाच्या पाण्यावर त्या थोड्या गप्प झाल्या, पण मोडाच्या नाचणीचं ऐकून म्हणाल्या, आमच्या आईकडे हे करायचे, मीच मधे सोडून दिलं होतं. आता त्या येताना मोड आणून वाळवलेली नाचणी घेऊन येणार आहेत आणि पुढे दर महिन्याला भरड करून पाठवायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलंय.

पाळणाघरात आज जाऊन आले. त्या दुपारचं ताजं शिजवायला तयार आहेत, पण शनिवारी त्यांच्या मदतनीस नसतात. तेव्हा शनिवारची दुपार डब्याची. नणंदेने तिच्याकडचा डबा वाचला, घटकांत साखर तिसऱ्या क्रमांकावर होती. बिनसाखरेचा साधा गव्हाचा ती मागवून देतेय, छोटा डबा. गुरुवारी लसीकरण आहे, तेव्हा लोहाच्या थेंबांचं विचारते, माझे जुने रिपोर्ट बरोबर नेते.

एकच शेवटचं: भरडीला आंबेमोहोर घेऊ की इंद्रायणी? सासूबाई आंबेमोहोर म्हणतात, घरात इंद्रायणी आहे.

पाळणाघर_काकू_कोल्हापूर

घरात आहे तोच घे. इंद्रायणी चिकट असतो म्हणून भाजताना थोडा जास्त वेळ दे आणि शिजवताना हात थांबवू नकोस. पहिली भरड वाटीभरच कर, तिला मानवते का बघ. गुरुवारी डॉक्टर थेंबांचं काय म्हणाले ते इथे लिही.